हार्ड डिस्क गेली त्यानंतरचे आठ महिने: एसएसडी, बाहेरची डिस्क आणि रविवारचा बॅकअप

मागच्या जूनमध्ये आमच्या मिरजेच्या घरातल्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क गेली. १ टीबीची, ७२०० आरपीएमची, २०१६ ला पीसी असेंबल करून घेतला तेव्हापासूनची. तिच्या जागी जी एसएसडी (फिरणाऱ्या प्लेटऐवजी चिपवर डेटा साठवणारी डिस्क) घेतली आणि बॅकअपची जी पद्धत लावली ती आता आठ महिने वापरून झालीय म्हणून लिहितेय, कारण नवीन वस्तू घेतल्या घेतल्या सगळं छानच वाटतं, खरं काय ते नंतर कळतं.

पीसी उन्हाळ्यापासूनच हळू झाला होता. विंडोज उघडायला चार चार मिनिटं, फोल्डरवर क्लिक केलं की वरची हिरवी पट्टी नुसती सरकत राहायची, आम्ही म्हणायचो जुना झालाय, होतं असं. मग एका संध्याकाळी पाऊस, लाइट गेली, आली, परत गेली, आणि त्यानंतर पीसी चालू केला तर काळ्या स्क्रीनवर ‘स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस’ (म्हणजे डिस्कची तब्येत बिघडलीय, बॅकअप घ्या आणि बदला) आणि आतून दोन-तीनदा टक टक आवाज.

बाबा निवृत्त शिक्षक आहेत. २००४ पासून आसपासच्या गावांतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करतात, स्वतः टाइप करतात, काहींचं रेकॉर्डिंग पण आहे. त्यातल्या कितीतरी आज्या आता नाहीत. ते सगळं त्या एका डिस्कवर होतं. डी ड्राइव्हवर एक कॉपी आणि ई ड्राइव्हवर दुसरी, आणि इतकी वर्षं आम्ही त्यालाच बॅकअप समजत होतो. पण डी काय आणि ई काय, एकाच डिस्कचे दोन कप्पे, डिस्क गेली की दोन्ही एकदम जातात. कुणाच्या घरी अजून असं असेल तर आजच बघा, प्लीज.

एफवन दाबून विंडोज कसंबसं उघडलं तेव्हा मी क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम चालवून बघितलं. केबलच खराब असेल अशी आशा होती, पण केबलचा घोळ असला की सीसेव्हन नावाच्या ओळीतला आकडा वाढतो, तो इथे शून्य होता. सीफाइव्हसमोर मात्र १ए८. हा आकडा हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेला असतो हे मला आधी माहीत नव्हतं, १ए८ म्हणजे ४२४. म्हणजे ४२४ सेक्टर (डिस्कवरचे छोटे तुकडे) असे की डिस्कला ते नीट वाचता येत नाहीयेत आणि त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. मी लगेच पीसी बंद केला. आठ महिन्यांनी मागे वळून बघताना वाटतं, सगळ्यात बरोबर निर्णय तोच होता. परत चालू केला असता तर विंडोजने आपणहून डिस्क चेक सुरू केलं असतं, आणि मरत्या डिस्कवर चेकडिस्क म्हणजे पाय मोडलेल्या माणसाला पळायला लावणं.

जवळच्या एका दुकानात नेली तर ते म्हणाले फॉरमॅट मारून बघू, तिथूनच परत आणली. एका डेटा रिकव्हरीवाल्यांनी फोनवर अंदाज दिला तो २० हजारांच्या पुढचा. आमची डिस्क बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर) दिसत होती आणि टकटक सतत नव्हती म्हणून घरी करायचं ठरवलं. तुमची डिस्क दिसतच नसेल किंवा सतत टकटकत असेल तर घरी काहीही करू नका, ती सरळ लॅबचीच केस आहे. आणि फ्रीजरमध्ये ठेवणं, झाकण उघडून बघणं असले सल्ले कुणी दिले तर ऐकू नका, आतलं हेड प्लेटच्या इतकं जवळून फिरतं की धुळीचा कणसुद्धा त्याच्यापुढे दगड असतो.

२ टीबीची बाहेरची यूएसबी डिस्क विकत आणली, पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) टाकून त्यावरून पीसी चालू केला आणि डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरून डेटा उचलणारा प्रोग्राम लावला. हे फुकट आहे आणि फार विचार करून बनवलेलं आहे, जिथे सहज वाचता येतं ते आधी उचलतं, अडलं की तो भाग सोडून पुढे जातं, आणि कुठे काय राहिलं त्याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं. त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, आमच्याकडे दोनदा गेली. पहिल्या फेरीत मायनस एन हा पर्याय लावून चांगला भाग काढून घेतला, मग मायनस आर ३ लावून वाईट जागांवर तीन-तीन प्रयत्न. कुठली डिस्क जुनी आणि कुठली नवी हे एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी कमांड) लिहून मी चार वेळा तपासलं, कारण उलटं झालं असतं तर नवी कोरी डिस्क जुनीवर लिहिली गेली असती. चांगला भाग चारेक तासांत आला, उरलेल्यासाठी जवळजवळ दोन दिवस गेले. टेबल फॅन डिस्कच्या तोंडाशी लावून ठेवला होता आणि बाबा दर तासाला येऊन विचारायचे, “अगं, किती झालं?”

शेवटी ३८ एमबी सोडून सगळं मिळालं. ११ फोटो आणि एक व्हिडिओ गेला, ओव्यांची एकही फाइल गेली नाही. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत, नुसते बसून राहिले.

पण गोष्ट इथे संपली नाही, आणि हे मराठीत काम करणाऱ्यांनी नक्की वाचा. नवीन ५०० जीबी एसएसडीवर विंडोज टाकलं, ओव्यांच्या फाइल्स कॉपी केल्या, उघडल्या तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, काही अर्थ लागेना. बाबांचं टायपिंग श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधलं, युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी दिसणारी आजची पद्धत) नाही. तो फॉन्ट मशीनवर नसेल तर फाइल धडधाकट असूनही वाचता येत नाही. नशीब की मी फक्त फाइल्स नाही तर अख्ख्या डिस्कची इमेज (जशीच्या तशी पूर्ण कॉपी) काढली होती, त्यातल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून ते फॉन्ट काढले आणि ओव्या परत दिसल्या. तेव्हापासून फॉन्टचं फोल्डर पण बॅकअपमध्ये असतं, आणि रोज थोडं थोडं युनिकोडमध्ये बदलणं चालू आहे. कन्व्हर्टर जोडाक्षरं आणि रफारात चुका करतो म्हणून बाबा प्रत्येक ओवी मूळ वहीशी ताडून बघतात.

आता एसएसडीबद्दल. वेगाचं काय सांगू, वीसेक सेकंदात विंडोज उघडतं, तोच २०१६ चा पीसी आहे यावर विश्वास बसत नाही. आवाज नाही, गरम होत नाही, हेल्थ अजून ९९ टक्के दाखवतंय. जुन्या पीसीवर खर्च करायचा तर हाच, यात मला शंका नाही. पण एसएसडी घेतली म्हणजे डेटाची काळजी मिटली असं समजू नका. जुन्या डिस्कने निदान महिनाभर कुरकुर करून सांगितलं तरी होतं, एसएसडी जाते तेव्हा बऱ्याचदा काही न सांगता एका क्षणात जाते, शिवाय ट्रिममुळे (डिलीट केलेली जागा एसएसडी आपणहून साफ करते त्यामुळे) डिलीट झालेली फाइल परत मिळायची आशा फार कमी. म्हणून माझ्या मते खरी खरेदी ती बाहेरची डिस्क होती.

तिच्यावर दर रविवारी फ्रीफाइलसिंक या प्रोग्रामने बॅकअप घेतो. ऑक्टोबरमध्ये मात्र मोठा धडा मिळाला. बाबांकडून चुकून एक फोल्डर डिलीट झालं, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि रविवारी मिरर (बॅकअप हुबेहूब पीसीसारखा) केल्यावर ते बॅकअपमधूनपण गेलं. प्रोग्रामचा दोष नाही, जागा वाचावी म्हणून कायमचं डिलीट करायचा पर्याय मीच निवडला होता. जूनमधली इमेज अजून ठेवलेली होती म्हणून जुनं मिळालं, पण त्यानंतर टाइप केलेल्या साठेक ओव्या बाबांना वहीवरून परत कराव्या लागल्या, याचं मला फार वाईट वाटलं. आता व्हर्जनिंग चालू आहे, डिलीट किंवा बदललेली फाइल तारखेसह वेगळ्या फोल्डरमध्ये जाते. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधल्या दोन-तीन फाइल्स लॅपटॉपवर उघडून बघते, नुसती बॅकअप पूर्ण झाल्याची हिरवी खूण बघून समाधान मानत नाही.

काम झालं की बाहेरची डिस्क काढून कपाटात. सतत जोडून ठेवलेली असेल तर लाइटचा झटका किंवा व्हायरस दोघींना एकदम खातो. पीसीला छोटा यूपीएस पण घेतला, दहा मिनिटं चालतो, नीट बंद करायला तेवढे पुरतात. रेकॉर्डिंगची तिसरी कॉपी भावाकडे पुण्यात आहे, तो दिवाळीला आला तेव्हा डिस्क भरून दिली.

गेलेला व्हिडिओ २०११ चा, कवलापूरच्या एका आजींचा. त्यांच्या नातवाकडे तेव्हा सीडी करून दिली होती असं बाबांना आठवतंय, पुढच्या रविवारी बॅकअप झाला की आम्ही तिकडे जाणार आहोत.