प्रोड्यूसर गॅसच्या बर्नरसाठी ऑक्सिजन लान्सचा संच: घेण्याआधी काय तपासाल

बिलेट, म्हणजे पोलादाचे चौकोनी गज, तापवायच्या भट्टीत प्रोड्यूसर गॅसची (कोळशापासून गॅसिफायरमध्ये बनवलेल्या गॅसची) ज्वाला बर्नरच्या तोंडाला धरून राहत नाही. भट्टी गार असताना किंवा कमी फायरवर ती सुटते आणि गॅसिफायरमध्ये नवा कोळसा पडला की पुन्हा फडफडायला लागते. यावर इलाज म्हणून ऑक्सिजनचे तयार संच विकले जातात. एका बर्नरचा संच म्हणजे भिंतीला टांगायचं व्हॉल्व्हचं पॅनेल, थोडा पाइप, लवचिक होज आणि बर्नरच्या मधोमध जाणारी स्टेनलेसची नळी, म्हणजेच लान्स. आमचं मत आधीच सांगतो. कल्पना पक्की आहे आणि नीट बसवला तर संच चोख काम करतो, पण येतो तसा उचलून लावू नये. लान्सचं टोक, रोटामीटर (ऑक्सिजनचा प्रवाह दाखवणारी काच) आणि थंडाव्याची हवा या तीन जागा दुरुस्त केल्याशिवाय पैसे वाया जातात. तिसऱ्या जागी तर जिवाशीच गाठ आहे.

ज्वाला का सुटते, ते आधी पाहू. गॅस आणि हवा ज्या वेगानं पुढे ढकलली जाते, त्याच वेगानं आग मागे सरकू शकली तरच ती एका जागी उभी राहते. प्रोड्यूसर गॅसमध्ये निम्म्याच्या आसपास नायट्रोजनच असतो. जळणारा भाग म्हणजे साधारण २५ टक्के कार्बन मोनॉक्साइड, १५ टक्के हायड्रोजन आणि थोडा मिथेन. घनमीटरला ११०० ते १३०० किलोकॅलरी मिळाल्या तरी पुष्कळ. त्यात जाळायला दिलेल्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजन. हा सगळा न जळणारा माल तापवण्यातच आगीची ताकद जाते. ऑक्सिजननं किती फरक पडतो ते मिथेनच्या आकड्यांवरून कळतं: साध्या हवेत त्याची आग सेकंदाला ४० सेंटिमीटरच्या आसपास सरकते, तर शुद्ध ऑक्सिजनमध्ये ३ मीटरच्या पुढे. पेट घ्यायला लागणारी ठिणगीही सुमारे शंभरपट लहान पुरते. म्हणून ऑक्सिजनची थोडी मात्रासुद्धा ज्वालेच्या मुळाशी जाणवते. मात्र ती मुळाशीच पोचली पाहिजे.

इथेच बहुतेक जण चुकतात. ऑक्सिजन देण्याच्या दोन पद्धती विकल्या जातात. पहिलीत ब्लोअरच्या डक्टमध्ये छिद्रांची नळी बसवून सगळ्या हवेत ऑक्सिजन मिसळतात. दुसरीत लान्समधून तो थेट ज्वालेच्या मुळाशी सोडतात. ताशी १००० नॉर्मल घनमीटर (० अंश आणि वातावरणाच्या दाबावर मोजलेली) हवा लागणारा बर्नर घ्या, म्हणजे सुमारे १० लाख किलोकॅलरीचा. एकूण ऑक्सिजन तेवढाच ठेवून डक्टमधल्या हवेत तो २०.९ वरून २३ टक्क्यांवर न्यायचा, तर हवा ८८५ वर आणून ताशी २४ घनमीटर ऑक्सिजन द्यावा लागतो. लान्सनं तिसराच भाग, म्हणजे ताशी ८ घनमीटर द्या. बर्नरच्या मधल्या वाटेनं १५ टक्के, म्हणजे १५० घनमीटर प्राथमिक हवा जात असेल, तर त्या पट्ट्यात ऑक्सिजन २५ टक्क्यांच्या जवळ जातो. तेच ८ घनमीटर डक्टमध्ये सोडले असते तर सगळ्या हवेत मिळून जेमतेम २१.५ टक्के झाले असते. ज्वालेला फरकच कळला नसता.

डक्टची पद्धत वाईट नाही. उत्पादन वाढवायचं असेल, एका ब्लोअरवर आठ-दहा बर्नर असतील, तर तीच बरी. पण हवेतला ऑक्सिजन २३.५ टक्क्यांच्या वर गेला की डक्ट, डॅम्पर, गॅस्केट हे सगळं ऑक्सिजनच्या लाइनसारखंच तेलमुक्त ठेवावं लागतं, आणि जुन्या मिलच्या डक्टमध्ये ब्लोअरच्या बेअरिंगचं ग्रीस किती साचलेलं असतं ते फिटरलाच विचारा. रिक्युपरेटर (धुराच्या उष्णतेनं हवा तापवणारं यंत्र) असेल तर ऑक्सिजन त्याच्या पुढेच सोडायचा. अलीकडे सोडला तर फुटक्या ट्यूबमधून विकत घेतलेला ऑक्सिजन चिमणीत जातो. एकदोन बर्नरची ज्वाला स्थिर करायची असेल तर लान्सच घ्या.

आता लान्स जवळून पाहू. बहुतेक संचांत टोकाला ३ मिलिमीटरचं एकच सरळ छिद्र असतं. ताशी ८ घनमीटर त्यातून काढायचे म्हटले की वेग आवाजाच्या वेगापर्यंत जाऊन भिडतो. ती धार ज्वालेचं मूळ भेदून सरळ पुढे निघून जाते, आजूबाजूला काही मिसळत नाही. वरून मुळाला पुढे ओढते ती वेगळीच. ऑक्सिजन चालू केल्यावर ज्वाला आणखी सुटली, अशी तक्रार येते तिचं कारण बहुधा हेच असतं. टोक बंद हवं आणि कडेला, अक्षापासून ३० ते ४५ अंशांत, २.५ मिलिमीटरची सहा छिद्रं हवीत. त्यातून तेवढाच ऑक्सिजन सेकंदाला ८०-८५ मीटरनं निघतो आणि भोवतालच्या प्राथमिक हवेत लगेच मिसळतो. कोणताही चांगला टर्नर हे टोक अर्ध्या दिवसात करून देईल. फक्त धातू ३१० ग्रेडचं स्टेनलेस असू द्या. मागची नळी ३०४ ची चालते.

टोक कुठे असावं याचंही माप आहे. गॅस नोझलच्या तोंडापासून १० ते २० मिलिमीटर आत. तोंडाबाहेर काढलं तर भट्टीच्या झळीनं टोक झडतं आणि छिद्रं गोल राहत नाहीत. फार आत ओढलं तर आग नळीच्या आत बसते आणि नोझल लाल पडतं. लान्सवर खुणा कोरलेल्या असाव्यात आणि कॉलर स्क्रूनं घट्ट बसणारी असावी. काही संचांत नुसती सरकती ग्लँड असते आणि ती भट्टीच्या कंपनानं हळूहळू मागे येते.

पॅनेलमध्ये काय असतं आणि काय हवं? ओळीनं पाहा: हाताचा व्हॉल्व्ह, सिंटर्ड ब्राँझचा फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर, कमी आणि जास्त दाबाचे स्विच, एकामागे एक दोन सोलेनॉइड (विजेवर उघडमीट होणारे) व्हॉल्व्ह, रोटामीटर, नीडल व्हॉल्व्ह, आणि लान्सच्या अगदी जवळ एनआरव्ही (उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह) व फ्लॅशबॅक अरेस्टर (मागे येणारी आग अडवणारा). शेवटचे दोन पॅनेलमध्येच बसवून पाठवले असतील तर काढून लान्सकडे आणा. मधल्या होजमध्ये प्रोड्यूसर गॅस मागे शिरला तर पॅनेलमधला एनआरव्ही काय उपयोगाचा? सुरुवातीचा हाताचा व्हॉल्व्ह बॉल व्हॉल्व्ह असेल तर बदलून ग्लोब व्हॉल्व्ह घ्या. बॉल व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की पुढच्या बंद पाइपातला ऑक्सिजन एकदम दाबला जाऊन तापतो, आणि तिथे रबराचा किंवा ग्रीसचा कण असला की पेट घेतो.

रोटामीटरनं फसायला होतं. स्वस्त संचांत हवेसाठी, वातावरणाच्या दाबावर खुणा केलेला रोटामीटर देतात आणि तो बसतो २ बार दाबाच्या लाइनीत. अशा वेळी काच ८ दाखवते तेव्हा प्रत्यक्षात १३ घनमीटरच्या आसपास ऑक्सिजन जात असतो. बिल दीडपटीनं वाढतं, टोक जळतं, आणि दोष मात्र ऑक्सिजनच्या पुरवठादाराला लागतो. ऑक्सिजनसाठी, तुमच्या कामाच्या दाबावर खुणा केलेलाच रोटामीटर मागा आणि तो दाब काचेवर लिहून घ्या.

तिसरी जागा सर्वांत गंभीर. ऑक्सिजन बंद असताना लान्सचं टोक भट्टीच्या १२०० अंशांकडे तोंड करून बसलेलं असतं. ते वाचवायला काही संचांत तीन तोंडांचा व्हॉल्व्ह देऊन कारखान्याच्या कॉम्प्रेसरची हवा त्याच नळीतून सोडतात. त्या हवेत तेलाचा अंश असतो आणि तो नळीच्या आतून थर धरतो. पुढच्या पाळीत कोणी ऑक्सिजन उघडला की तो थर स्टेनलेससकट पेटू शकतो. ही जोडणी ताबडतोब तोडा. लान्सभोवती दुसरी नळी घालून बर्नरच्याच ब्लोअरची हवा कायम वाहती ठेवा, ती पुरते. किंवा ऑक्सिजन बंद असताना लान्स सरळ बाहेर काढून ठेवा.

जोडणीआधी प्रत्येक तुकडा तेल काढणाऱ्या द्रावणानं धुऊन कोरड्या नायट्रोजननं वाळवायचा. पांढरं फडकं आतून फिरवा, डाग आला की पुन्हा धुवा. सांध्यांना ऑक्सिजनसाठीचीच टेफ्लॉन टेप लावायची, पान्याला ग्रीसचा हात नको. गळती तेलविरहित साबणाच्या पाण्यानं तपासा.

इंटरलॉकमध्ये, म्हणजे बिघाड झाला की आपोआप बंद करणाऱ्या जोडणीत, तडजोड नको. हवेचा दाब पडला, ज्वाला गेली, गॅसचा दाब कमी झाला, यातलं काहीही झालं की आधी ऑक्सिजन बंद झाला पाहिजे. सुरू करताना तो सर्वांत शेवटी. ज्वाला गेली तर भट्टीच्या आकारमानाच्या निदान चार-पाच पट हवा फिरवून मगच पुन्हा पेटवायचं. प्रोड्यूसर गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, त्यामुळे इथे घाई म्हणजे स्फोट आणि विषबाधा दोन्ही.

मात्रा ठरवताना बर्नर आधी नुसत्या हवेवर, कमी फायरला चालवा. मग ताशी २ घनमीटरनं ऑक्सिजन सुरू करा आणि दहा-दहा मिनिटांनी एकेक घनमीटर वाढवा. पीप होलमधून ज्वालेच्या मुळाकडे पाहत राहा. आधी नोझल आणि ज्वाला यांत चार-पाच बोटांची काळी फट दिसते, तिचं टोक सारखं मागेपुढे होतं आणि भट्टी धपधप आवाज करते. मात्रा बरोबर झाली की फट मिटते, नोझलच्या तोंडाशी उजळ कडं बसतं आणि आवाज सलग होतो. तिथेच थांबा. आणखी वाढवलं तर ज्वाला आखूड आणि पांढरी होते, बर्नर ब्लॉकच्या विटा चकाकायला लागतात, बिलेटवर ऑक्साइडचे खवले वाढतात आणि नायट्रोजन ऑक्साइडही. ८ घनमीटर ऑक्सिजन म्हणजे ३८ घनमीटर हवेतला ऑक्सिजन, म्हणून दुय्यम हवा, म्हणजे उरलेली ८५० घनमीटर, सुमारे साडेचार टक्के कमी करायला विसरू नका. नाहीतर जादा हवेच्या बर्नरवर वर जादा ऑक्सिजन, असं होऊन बसतं. ज्वालेचं मूळ मागे सरकल्यामुळे ज्वाला आहे का ते पाहणाऱ्या यूव्ही सेलची नजरही पुन्हा जुळवावी लागते. नाहीतर चांगल्या ज्वालेवर बर्नर ट्रिप होतो.

ऑक्सिजनचा खर्च काढायला सोपा आहे. ताशी ८ घनमीटर म्हणजे ११.४ किलो, २४ तासांत सुमारे २७५ किलो. ७ घनमीटरचं सिलिंडर ५० मिनिटांत संपतं, दहा सिलिंडरांचं मॅनिफोल्ड एक पाळी काढतं. पाळीपाळीला सिलिंडर बदलणं हे कामगारांच्या जिवावर येतं, म्हणून द्रव ऑक्सिजनचे ड्युरा सिलिंडर घेतात, पण त्यातून ताशी ९-१० घनमीटरच्या वर ओढलं की बाहेर बर्फ चढतो आणि दाब पडतो. दोन बर्नर असतील तर बाहेर द्रवाचा वायू करणारा वेगळा व्हेपोरायझर लावाच. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या पीएसए प्लँटचा ९३ टक्क्यांचा ऑक्सिजन या कामाला पूर्ण चालतो. आमच्या मते सतत देण्यापेक्षा पेटवताना, कमी फायरला आणि कोळसा घालतानाच द्यावा. ज्वालेला आधार लागतो तो तेव्हाच. भट्टी १००० अंशांच्या वर गेल्यावर तापलेला बर्नर ब्लॉकच ज्वाला धरून ठेवतो.

हा संच कोणी घेऊ नये, तेही सांगायला हवं. नोझलमध्ये डांबर साचलं असेल, बर्नर ब्लॉक तुटला असेल किंवा ब्लोअरचा दाब हेलकावत असेल, तर आधी ते नीट करा. बऱ्याचदा तेवढ्यानंच ज्वाला बसते. डांबर येणाऱ्या गॅसवर तर लान्स लावणंच धोक्याचं. छिद्रांत साठलेलं डांबर आणि ऑक्सिजन एकत्र नांदत नाहीत. गॅस स्वच्छ असला तरी लान्स दर आठवड्याला काढून तपासावा. एलपीजी किंवा पीएनजीचे बर्नर चांगल्या पायलटवर (सतत जळत्या छोट्या ज्वालेवर) उभे राहतात, त्यांना याची गरज पडत नाही.

ऑर्डर देताना या गोष्टी कागदावर घ्या: सहा छिद्रांच्या टोकाचे दोन जादा लान्स, ऑक्सिजनसाठी साफ केल्याचं प्रमाणपत्र, सोलेनॉइड आणि रेग्युलेटर ऑक्सिजनसाठीच बनवल्याची खात्री, आणि इंटरलॉकची वायरिंग कोण करणार ते. द्रव ऑक्सिजनची १००० लिटरच्या वरची टाकी बसवायची असेल तर २०१६ चे अनफायर्ड प्रेशर व्हेसलचे नियम लागू होतात आणि परवाना पेसोकडून, म्हणजे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेकडून, घ्यावा लागतो. त्यांचं मुख्यालय नागपूरलाच आहे. टाकीचा पाया, कुंपण आणि अंतरं यांचा नकाशा मंजूर होईपर्यंत संच गोदामात पडून राहतो, त्यामुळे अर्ज आधी करा, ऑर्डर नंतर.