स्टिरिओ बूमबॉक्स वापरून बघितला: आवाज भरदार, कॅसेट डेक मात्र कच्चा

सीडी, कॅसेट, एफएम-एएम रेडिओ, ब्लूटूथ, यूएसबी असं सगळं एकाच डब्यात आणि वर उचलायला दांडा, असा हा बूमबॉक्स आहे. थेट सांगायचं तर रेडिओ, सीडी आणि ब्लूटूथसाठी घेत असाल तर बिनधास्त घ्या, पण जुन्या कॅसेटी ऐकायला म्हणून घेणार असाल तर आधी खाली डेकबद्दल लिहिलंय ते वाचा. मॉडेलचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण आतली यंत्रणा तीच ठेवून बाहेरची जाळी, दिवे आणि लेबल बदलून असे डबे बरेच निघतात, त्यामुळे हे बोलणं या जातीच्या बहुतेक डब्यांना लागू पडेल.

आधी आवाज, कारण बाकी सगळं नंतर. बूमबॉक्स चालू केला की बहुतेक जण पहिल्यांदा बास बूस्ट (खालचा जाड आवाज वाढवणारं बटण) दाबतात आणि आवाज फुल करतात, कृपा करून तसं करू नका. इक्वलायझर फ्लॅट ठेवा म्हणजे जाड-बारीक आवाज कमी-जास्त करू नका, बास बूस्ट बंद करा, आवाज एक तृतीयांशावर आणा आणि एकट्या माणसाचं बोलणं लावा, रेडिओवरच्या बातम्यासुद्धा चालतील. माणूस बोलताना कसा ऐकू येतो हे आपल्या कानाला इतकं पाठ असतं की आवाज नाकातून येतोय, डब्यातून येतोय की छातीतून येतोय ते लगेच कळतं, तिथे कुठलीही जाहिरात आपल्याला फसवू शकत नाही. या डब्याने ही परीक्षा चांगली पास केली. पुरुषाचा आवाज भरलेला येतो, बाईचा आवाज मोकळा येतो, फक्त 'स' आणि 'श' जरा टोचतात, ट्रेबल (वरचा बारीक आवाज) एक घर कमी केलं की तेही जातं. आत दोन्ही बाजूंना साधारण १० सेंटीमीटरचा एकेक स्पीकर आहे, बारीक आवाजासाठी वेगळा ट्वीटर नाही, तरी झांजा आणि तारांचा आवाज दबलेला वाटत नाही.

बासबद्दल अपेक्षा नीट ठेवा. बास गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते आणि एवढ्या लहान स्पीकरला तेवढी हवा हलवणं जमतच नाही, डबा कुणाचाही असो. पण त्या सुराचे वरचे पट (दुप्पट, तिप्पट हर्ट्झचे सूर) स्पीकर वाजवतो आणि खालचा सूर आपला मेंदू स्वतःच भरून काढतो, म्हणून चाल हरवत नाही. मागे हवेसाठी भोक ठेवलंय, त्यामुळे डबा भिंतीजवळ ठेवला की बास वाढतो आणि अगदी कोपऱ्यात ढकलला की नुसता घुमतो, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, तिथे डग्ग्याचा घुमारा छान सुटा ऐकू येतो.

आवाज तीन चतुर्थांशापर्यंत स्वच्छ आहे, त्याच्या पुढे आतलं सर्किट बास कापायला लागतं म्हणजे स्पीकर फाटू नये, मग आवाज मोठा होतो पण पातळ होतो. एक मधली खोली भरायला तीन चतुर्थांश पुरेसा आहे, मोकळ्या मैदानात पुरणार नाही. खोक्यावर वॅटचा जो भलामोठा आकडा असतो तो बघून निर्णय घेऊ नका, पीएमपीओ (क्षणभराचा फुगवलेला आकडा) लिहिलेलं असेल तर ते सरळ सोडून द्या आणि आरएमएस (सतत मिळणारी खरी ताकद) किती ते शोधा. वॅट दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात, त्यामुळे १० आणि १५ वॅटच्या डब्यांत जो फरक ऐकू येईल तो स्पीकर आणि डब्याच्या बांधणीचा असेल, वॅटचा नाही.

स्टिरिओ आहे का तर आहे, पण जवळून. दोन स्पीकरमध्ये सुमारे ४० सेंटीमीटर अंतर, अडीच मीटर लांब बसलात तर दोघांमध्ये जेमतेम ९ अंशांचा कोन पडतो आणि चांगल्या स्टिरिओला ६० च्या आसपास हवा असतो. म्हणजे खोलीत फिरताना ऐकाल तर तो मोनोसारखाच, डावं-उजवं वेगळं न कळणारा. पण टेबलावर समोर ठेवून हातभर अंतरावर बसलात की डावीकडचं उजवीकडचं वेगळं होतं, मला तरी हा डबा तसाच ऐकायला सगळ्यात आवडला. 'वाइड' नावाचं बटण एका बाजूचा थोडा आवाज उलटा करून दुसऱ्या बाजूत मिसळतं, त्याने पसारा वाढतो खरा पण मधोमध असणारा गायक पोकळ होतो. वाद्यसंगीताला लावा, गाण्याला नको.

आता डेक. इथे मला खरंच वाईट वाटतं कारण बूमबॉक्स म्हटलं की कॅसेट हवीच, फिलिप्सने १९६३ ला कॅसेट आणली नसती तर ही वस्तूच जन्मली नसती. १९८० च्या दशकातले जेव्हीसी आरसी-एम९० किंवा शार्प जीएफ-७७७ सारखे अवजड बूमबॉक्स ज्यांनी ऐकलेत त्यांना पोर्टेबल डेकसुद्धा किती चांगला असू शकतो हे माहिती आहे. आज नव्या डब्यांत जी स्वस्त यंत्रणा बसते ती बहुतेक एकाच घडणीची आहे, छोटं हलकं फ्लायव्हील (वेग स्थिर ठेवणारं चाक), साधी मोटर. कॅसेटची पट्टी सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते आणि हा वेग जरा जरी डगमगला तरी सूर हलतो. पियानोचा किंवा बासरीचा लांब धरलेला सूर लावून बघा, इथे तो स्थिर राहत नाही, हलका थरथरतो, ज्याचा कान सुरात आहे त्याला पाच मिनिटांत त्रास होईल. गप्पा, नाटक, भाषण यांना काही फरक पडत नाही, ठेक्याच्या गाण्यातही निभावतं.

दुसरं म्हणजे डॉल्बी (पट्टीची सळसळ कमी करणारी सोय) नाही. जुन्या कॅसेटींवर डॉल्बी बी ने भरलेलं असेल तर ते इथे जास्त चरचरीत आणि खरखरीत ऐकू येणार, त्यावर उपाय म्हणजे ट्रेबल खाली आणणं, तो अर्धाच उपाय आहे पण ऐकण्याजोगं होतं. क्रोम कॅसेटसाठी (वेगळ्या लेपाच्या पट्टीची कॅसेट) वेगळी सेटिंग पण नाही. रेकॉर्डिंग करता येतं, पण पुसायचं हेड म्हणजे साधा लोहचुंबक आहे त्यामुळे कोऱ्या जागीसुद्धा सळसळ भरली जाते, तेव्हा जपून ठेवायचं काहीही यावर भरू नका. कॅसेटवरून यूएसबीत घेण्याची सोय आहे ती १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत होते, घरच्यांचे आवाज, जुन्या गप्पा वाचवायला ती पुरते, गाण्यांसाठी चांगल्या डेकवरूनच घ्या. आणि ज्या कॅसेटची दुसरी प्रत नाही ती या डेकमध्ये घालण्याआधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट पूर्ण वाजवून बघा, पट्टी गुंतत नाही ना ते पक्कं करा. कॅसेट मंद, दबलेली वाटली तर हेड आणि रबरी रोलर कापसाच्या बोळ्याने साफ करा, हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, त्याने बराच फरक पडतो.

रेडिओने मात्र मन जिंकलं. अँटेना पूर्ण बाहेर काढली की ७५ सेंटीमीटरच्या जवळ जाते आणि १०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या एफएमसाठी हीच लांबी बरोबर आहे कारण ती रेडिओ लाटेच्या लांबीचा चौथा भाग होते. स्टेशन लांबचं असेल आणि मागे सूं सूं आवाज येत असेल तर स्टिरिओवरून मोनोवर या, खरखर एकदम खाली जाते, हे बटण बऱ्याच डब्यांत गायब झालंय आणि इथे ठेवलंय याबद्दल बनवणाऱ्यांना मनापासून धन्यवाद. एएमसाठी वरच्या अँटेनाचा काही उपयोग नाही, त्याची फेराइटची कांडी आत आहे, म्हणून डबाच फिरवून बघायचा, आणि मोबाईलचा चार्जर शेजारी असेल तर तो आधी काढा.

सीडी नीट वाजते, घरी लिहिलेल्या सीडी आणि एमपीथ्रीवाल्याही वाजल्या, गाण्यांमधली गॅप थोडी जास्त आहे एवढंच. ब्लूटूथ पटकन जोडलं जातं, गाण्यांना झकास, पण मोबाईलवर सिनेमा लावाल तर ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, तेव्हा ऑक्सची (मोबाईल थेट जोडायची) वायर लावा.

सेलवर चालवण्याबद्दल नीट समजून घ्या. सहा मोठे सेल लागतात, दीड व्होल्टचे म्हणजे ९ व्होल्ट. रिचार्जेबल निकेलचे घातलेत तर प्रत्येकी १.२ म्हणजे ७.२ व्होल्टच मिळतात, त्यामुळे आवाज थोडा लवकर फाटतो आणि सेल बऱ्यापैकी भरलेले असताना सुद्धा लाल दिवा लागायला लागतो, डबा बिघडला असं समजू नका. सगळ्यात जास्त सेल सीडीच खाते कारण तिथे चकती फिरवायची आणि लेझर पण चालवायचा, रेडिओवर तेच सेल कितीतरी जास्त टिकतात. हे सेल डबा स्वतः चार्ज करत नाही, वेगळा चार्जर घ्यावा लागेल, आणि महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, गळले की आतल्या पट्ट्या गंजतात.

बटणं मोठी आहेत, अंधारात हाताला सापडतात, आवाजाचं गोल बटण मात्र शेवट नसलेलं आहे, फिरतच राहतं, किती ठेवलाय ते डिस्प्ले बघितल्याशिवाय कळत नाही. दांडा मजबूत आहे पण मोठ्या आवाजात तो खुंट्यांजवळ झिणझिणतो, मागे पाडून ठेवला की थांबतं.