रात्रपाळीची गोळी आणि दातांचा ब्रश: आठ महिन्यांनंतर

रिव्ह्यू खरं तर इलेक्ट्रिक ब्रशचा आणि दातांच्या फटींत घालायच्या बारीक ब्रशचा आहे. पण ते घ्यायची वेळ का आली, ते आधी सांगते.

गेल्या वर्षी मला अमेरिकन शिफ्ट लागली. टीममधल्या एकाने मोडाफिनिलची पट्टी हातात ठेवली, "घे गं, कॉफीचा बाप आहे." औषध मुळात नार्कोलेप्सीचं, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजाराचं. अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, २००४ पासून रात्रपाळीने झोप बिघडलेल्यांनाही देतात, पण डॉक्टरने तपासून. मी कुणालाच विचारलं नाही. अडीच महिने, आठवड्याला तीन-चार गोळ्या.

जाग राहते, खोटं कशाला बोलू. हुशारी मात्र येत नाही. एका रात्री तीन तास मी एक्सेलच्या रकान्यांचे रंग जुळवत बसले आणि ज्यासाठी फाइल उघडली होती ते काम तसंच राहिलं. शिवाय रक्तातलं औषध निम्म्यावर यायलाच बारा-पंधरा तास लागतात, त्यामुळे पहाटे घरी येऊन दुपारपर्यंत टक्क जागी. गर्भनिरोधक गोळ्यांचा असर याने कमी होतो, हे तर फार उशिरा कळलं.

आणि तोंडाला कोरड. जीभ टाळूला चिकटायची. म्हणून ड्रॉवरमध्ये आलं-लिंबाच्या गोळ्या ठेवल्या, रात्रभर एकीमागून एक. मग थंड पाण्याने दाढेत कळ यायला लागली. डेंटिस्ट बाईंनी आरसा आत घालताच विचारलं, "रात्री तोंडात काय असतं तुमच्या?" दोन दाढांच्या मध्ये कीड होती. आम्ल धुऊन काढायचं काम लाळेचं. तोंडातला पीएच (आम्लपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण साडेपाचच्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, विरघळू लागतं. माझ्याकडे लाळ नाही, वर लिंबू आणि साखर! दोन्ही दाढांत सिमेंट भरलं, मोडाफिनिल त्याच आठवड्यात बंद.

माझी आजी चुलीपाशी बसून मशेरी लावायची. "त्याबिगर डोकं चालत न्हाई," म्हणायची. भाजलेली तंबाखूच ती, तरतरी येणारच. साठीत तिच्या तोंडात चार दात उरले होते. मी तिला हसायचे.

आता ब्रश. इलेक्ट्रिक ब्रशचा खरा फायदा टायमरचा. दर तीस सेकंदांनी गुरगुरून जागा बदलायला लावतो, दोन मिनिटं पुरी करून घेतो. आधी मी पाऊण मिनिटात उरकत होते, हे तेव्हा कळलं. तक्रारी: हेड दर तीन महिन्यांनी बदलायचं, एकेक दोनशेच्या घरात, आणि आमच्या गावच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. हेडच्या बुडाशी पांढरा चिकट गाळ साचतो, तो धुवायची किळस अजून गेलेली नाही.

खरी कमाल फटींतल्या ब्रशची. पहिल्यांदा ०.६ मिलिमीटरचा आणला, तो आत जाईना, तार वाकली. आता पुढे ०.४, मागे ०.५. पहिले आठ-दहा दिवस रक्त आलं, सोडूनच देणार होते. बाई म्हणाल्या, "रक्त येतं तिथं टाळू नका, फक्त घुसडू नका." दोन आठवड्यांत थांबलं.

पेस्ट साधीच, फ्लोराइडची. आपल्याकडे १००० पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची परवानगी आहे, म्हणून आहे तेवढं तरी दातांवर राहावं यासाठी घासल्यावर नुसतं थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. जन्मभराची सवय, हेच सगळ्यात जड गेलं.

शिफ्ट तीच आहे. दोन वाजता बिनसाखरेचा चहा, शेजारी पाण्याची बाटली, आणि सुट्टीच्या दिवशी तरी वेळेवर झोप. गेल्या महिन्यात तपासणी झाली, नवीन कीड नाही. खालच्या पुढच्या दातांमागे टार्टर, म्हणजे दगडासारखा कडक झालेला थर, मात्र साचलंच होतं. ते कुठल्याच ब्रशने निघत नाही, साफ करून घ्यावं लागलं.