टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलींसाठी गंगापूर रोडवरील हॉर्मोन क्लिनिक : एका आईचा अभिप्राय

माझ्या मुलीला टर्नर सिंड्रोम असल्याचे ती दुसरीत असताना समजले आणि तेव्हापासून तिचे उपचार नाशिकच्या गंगापूर रोडवरील मुलांच्या हॉर्मोनतज्ज्ञ डॉक्टरांकडे सुरू आहेत. साधारण २,००० ते २,५०० मुलींमागे एकीत आढळणाऱ्या या स्थितीत एक एक्स गुणसूत्र पूर्णपणे किंवा अंशतः नसते. तरीही निफाड-सिन्नरकडच्या पालकांना नेमके कुठे जावे हे कळत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

येथे मुलीची केवळ उंची पाहिली जात नाही, ही या क्लिनिकची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. आधीच्या एका दवाखान्यात ‘आईच बुटकी, मुलगी उंच कुठून होणार’ असे म्हणून टॉनिकवर बोळवण झाली होती. येथे मात्र कॅरिओटाइपचा (गुणसूत्रांच्या तपासणीचा) रिपोर्ट हाती येताच, ग्रोथ हॉर्मोनच्या इंजेक्शनचा विषय काढण्यापूर्वीच, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि किडनीची सोनोग्राफी करून घेतली; कारण या मुलींमध्ये महाधमनीची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) झडप तीनऐवजी दोन पाकळ्यांची असणे, महाधमनी एखाद्या ठिकाणी अरुंद असणे किंवा दोन्ही किडन्या जोडलेल्या असणे असे दोष इतरांपेक्षा बरेच अधिक आढळतात. थायरॉईड आणि कानांच्या तपासणीची आठवणही दरवर्षी न विसरता दिली जाते.

उंची मोजतानाची काळजी पाहण्यासारखी आहे. सिस्टर आधी वेणीचा अंबाडा सोडायला लावतात, टाचा भिंतीला टेकल्या आहेत ना हे वाकून पाहतात आणि पुन्हा पुन्हा मोजूनच आकडा तक्त्यावर मांडतात.

ग्रोथ हॉर्मोनचे इंजेक्शन रोज रात्री घ्यावे लागते आणि त्याचे पेन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. खर्च मोठा आहे, तो अनेक वर्षे चालतो आणि उंची किती वाढेल याची हमी देता येत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले. तो प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला.

त्याहूनही मोलाचे म्हणजे ते मुलीशी थेट बोलतात. ‘बाळा, तुझं अंडाशय कमी काम करतं, म्हणून अकरा-बारा वर्षांची झालीस की इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन अगदी थोड्या मात्रेत सुरू करू,’ हे त्यांनी तिलाच समजावले. नातेवाईक तिच्या लग्नाची चिंता कुजबुजत बोलतात, त्या घरात या मोकळेपणाची नितांत गरज होती.

उणिवाही आहेत. शनिवारी अपॉइंटमेंट असूनही ताटकळावे लागते, हृदयाच्या तपासणीसाठी मुंबई नाक्यापर्यंत वेगळी फेरी पडते आणि वार्षिक तपासण्यांचे वेळापत्रक मराठीत छापून मिळत नाही. ते मिळायलाच हवे. खेड्यातून येणाऱ्या आईने तोंडी सांगितलेले सगळे किती लक्षात ठेवायचे?

पहिल्या भेटीला जाताना लसीकरणाचे कार्ड आणि शाळेतील उंची-वजनाच्या जुन्या नोंदी सोबत न्याव्यात. वाढ नेमकी कधी मंदावली, हे डॉक्टर त्यावरूनच ताडतात.