पाण्याचं कापड घ्या, पण कोरं घ्या

चिनी अक्षरं हातानं लिहायला शिकायचीत म्हणून शांघायला आल्यावर मी जे काही विकत घेतलं त्यात सगळ्यात कामाला आलेली वस्तू म्हणजे हे पाण्यानं लिहायचं कापड, इकडे याला श्वेइश्येबू म्हणतात. राखाडी कापड, ब्रश नुसत्या पाण्यात बुडवून लिहिलं की काळंभोर उमटतं, थोड्या वेळात वाळून गायब, की परत लिहा. शाई नाही, कागदाचा ढीग नाही, बेसिन काळं होत नाही. कापड, ब्रश आणि पाण्याची वाटी असा सेट तीसेक युआनला पडला, पैसा वसूल आहे, पण डोळे झाकून कुठलंही उचलू नका.

कारण यात दोन प्रकार येतात. एकावर अक्षरं फिक्या रंगात छापलेली असतात, त्यावरून गिरवायचं. दिसायला सोपं वाटतं म्हणून सगळे तेच घेतात आणि फसतात, गिरवताना हात चालतो पण डोकं झोपतं, कापड बाजूला सारून तेच अक्षर लिही म्हटलं की ब्रश हवेतच राहतो. दुसरं कोरं, त्यावर फक्त चौकोन, प्रत्येकात एक उभी एक आडवी आणि दोन तिरप्या रेघा. मीत्झग म्हणतात त्याला, ती आकृती तांदळाच्या अक्षरासारखी दिसते म्हणून. टिंब बरोबर मधल्या रेघेवर द्यायचं की जरा बाजूला, हे इथे तुमचं तुम्हाला ठरवावं लागतं. कोरंच घ्या.

आणि सुरुवात 'योंग' (永) या अक्षरानं करा, इथे ब्रश हातात धरणाऱ्याला आधी हेच अक्षर देतात. शब्दकोशात फटकारे पाचच, पण ब्रशवाले त्यात आठ प्रकार बघतात. आधी वर टिंब (आपला अनुस्वार शेवटी, यांचं टिंब आधी), मग छोटी आडवी रेघ, तिथूनच वळून सरळ खाली आणि तळाशी डावीकडे आकडा, हे सगळं ब्रश न उचलता. मग डाव्या बाजूची चढती रेघ, तिथूनच खाली ओढ. मग उजवीकडे वर एक आखूड फटकारा, याचं जुनं नाव 'चोच मारणं' असं आहे आणि तो खरंच तसाच मारायचा, घाबरत ओढला की मेला. शेवटचा उजवीकडे उतरणारा महात्रासदायक, दाब वाढवत न्यायचा, तळाशी क्षणभर थांबायचं आणि मग आडवं सरकवत उचलायचं. कापडावर हे लगेच कळतं, दाब कमी पडला तर पट्टा बारीक आणि जास्त झाला तर डबकं.

योंगचा अर्थ 'कायमचं', पण इसवी सन 100 च्या आसपासच्या श्वोवन या जुन्या चिनी शब्दकोशात त्याचा संबंध लांबवर वाहत जाणाऱ्या पाण्याशी लावलाय. डावीकडे पाण्याचे तीन थेंब जोडले की पोहणं, तोंडाचा चौकोन जोडला की कविता गाऊन म्हणणं, उच्चार तिन्हींचा योंगच! एकदा हात बसला की हे अक्षर जिकडेतिकडे दिसायला लागतं, योंगखांग रस्त्याच्या पाटीवर, सोसायटीतल्या स्विमिंग पूलच्या बोर्डावर, आणि शांघायच्या त्या जुन्या योंगज्यू सायकलवर, तिच्या लोगोत तर अक्षरांचीच सायकल केलीये. नामवंत सुलेखनकार वांग शीझनं 353 साली लानथिंग या ठिकाणी कवितासंग्रहाची जी प्रसिद्ध प्रस्तावना लिहिली तिचं पहिलं अक्षर हेच, कारण ती सालाच्या उल्लेखानं सुरू होते आणि ते वर्ष 'योंगह' नावाच्या राजकाळातलं नववं. मूळ प्रत केव्हाच हरवली, आज आहेत त्या नकला. अर्थ बघायला प्लेको हे चिनी शब्दकोशाचं ॲप ठेवा, बोटानं अक्षर काढलं की शोधून देतं, मस्त आहे.

आता तक्रारी. सेटबरोबर येणारा ब्रश टाकाऊ. माझ्याचे केस पहिल्याच आठवड्यात गळायला लागले, दुकानदाराला मेसेज केला तर एक हसरा इमोजी आला, बास. शिवाय तो बकरीच्या केसांचा, फार मऊ, नवशिक्याच्या हातात नुसता लोळतो. वेगळा ज्येनहाव घ्या, मिश्र केसांचा, तो दाबला तरी परत उभा राहतो. नुसत्या लांगहावच्या मागे लागू नका, नावात लांडगा असला तरी केस मुंगुसासारख्या एका छोट्या प्राण्याचे असतात आणि सुरुवातीला तो कडक वाटतो.

दुसरं म्हणजे हवा. जून-जुलैत इथे मेइयू नावाचा चिकट पाऊस असतो, तेव्हा कापड वाळता वाळत नाही, आधीच्या अक्षराचं भूत खाली दिसत राहतं. मुंबईत किंवा कोकणात मागवणार असाल तर पावसाळ्यात हाच ताप होणार, दोन कापडं घेऊन आलटून पालटून वापरा. ब्रश बुडवल्यावर वाटीच्या काठावर निथळून घ्या, नाहीतर पाणी पसरून दोन फटकारे एक होतात.

आणि हो, लिहिलेलं उडून जातं त्यामुळे कालचं आणि आजचं शेजारी ठेवून बघता येत नाही, मोबाईलवर फोटो काढावे लागतात. अक्षर सुंदर करायचं असेल तर हे कापड पुरत नाही, त्याला शाई आणि पिवळट माओब्येन कागदच हवा, तो स्वस्त असतो. पण फटकाऱ्यांचा क्रम हातात मुरवायला यापेक्षा स्वस्त काही मला तरी सापडलेलं नाही. पाचपैकी चार स्टार, एक त्या ब्रशचा कापला.