नूर की समीरा?
ताई, मुलीसाठी ही दोनच नावं उरलीत म्हणालीस ना, तर अर्थ बघ, नूर म्हणजे प्रकाश, कुराणातल्या 24व्या सूरेचं म्हणजे अध्यायाचं नावच अन-नूर आहे, आणि चेहऱ्याचा नूर पालटला असं आपण मराठीत म्हणतोच की. समीरा म्हणजे रात्री गप्पांना सोबत करणारी, अरबीत समर म्हणजे त्या रात्रीच्या गप्पा, किती गोड आहे हे! फक्त इथे लोक समीर म्हणजे वारा असंच धरणार, तो संस्कृत शब्द वेगळा.

हाक मारायला नूर एका दमात संपतं, समीरातला ‘मी’ मस्त लांबवता येतो. नूर मुलाचंही असतं.

छोटं, पटकन कळणारं हवं तर नूर. नाद हवा आणि अर्थ सांगत बसायची तयारी असेल तर समीरा, मला तरी तेच जास्त आवडतं.