नाक्सोस बेटावरचा मधुचंद्र : काही महिन्यांनंतरचा अनुभव

ग्रीसमध्ये मधुचंद्र म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर निळ्या घुमटांचे सांतोरिनी येते, आणि आमच्याही यादीत पहिले नाव तेच होते. खोल्यांचे भाडे पाहिल्यावर आम्ही बेत बदलला, सांतोरिनीला धावती भेट द्यायची आणि बाकीचा मुक्काम बोटीने दोनेक तासांवर असलेल्या नाक्सोसवर करायचा असे ठरवले. सहल सप्टेंबरमध्ये झाली. आता तिचे हप्ते फिटले आहेत, उत्साहही निवळला आहे, त्यामुळे जरा थंड डोक्याने लिहिता येईल. नाक्सोसची निवड बरोबर ठरली असे आमचे मत आहे, पण ती प्रत्येक जोडप्याला मानवेल असे नाही.

सांतोरिनीबद्दल थोडक्यात सांगते. ज्वालामुखीच्या विवराच्या कड्यावर वसलेल्या तिथल्या गावांचे पहिले दर्शन खरोखरच थक्क करणारे असते. मात्र इया गावात सूर्यास्ताच्या वेळी एवढी दाटी होते की आपण सूर्य पाहतो आहोत की लोकांचे मोबाईल, हेच कळेनासे होते. फोटो उत्तम आले आणि नातेवाइकांना तेच आवडले.

नाक्सोस हे किक्लादिस द्वीपसमूहातील सर्वांत मोठे बेट असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे 430 चौरस किलोमीटर आहे. समुद्रकिनारे पश्चिमेला असले तरी आत डोंगर, ऑलिव्हच्या बागा, बटाट्याची शेते आणि गुरे आहेत, आणि येथील बटाटा व ग्राविएरा नावाचे चीज ग्रीसभर नावाजलेले आहे. पर्यटक नसतानाही येथील लोकांना उद्योग असतो, हे पहिल्याच दिवशी जाणवते, कारण दुकानदार तुमच्या मागे लागत नाहीत. मुख्य गावाला खोरा म्हणतात. बंदरासमोरूनच बस सुटतात. समुद्रकिनाऱ्यांकडे त्या वरचेवर जातात, पण डोंगरातल्या गावांना फेऱ्या मोजक्याच असल्याने परतीची वेळ आधी पाहून घ्यावी लागते.

बसने जाता येण्यासारखे आणि आम्हाला सर्वांत आवडलेले गाव म्हणजे खाल्की. तेथे 1896 पासून चालत आलेली वाल्लिंद्रास घराण्याची भट्टी आहे आणि तेथे महाळुंगाच्या पानांपासून कित्रो नावाचे मद्य गाळतात. फळापासून नव्हे, पानांपासून, हे ऐकून आम्ही दोघेही चकित झालो, कारण आपल्याकडे महाळुंग आठवते ते लोणच्यासाठी किंवा देवीच्या हातातले फळ म्हणून. हिरवे कित्रो गोड आणि सौम्य, पिवळे कमी गोड आणि कडक, तर बिनरंगी त्यांच्या मधले. तांब्याचे जुने भांडे पाहून झाल्यावर चव घ्यायला मिळते. मी हिरव्यावरच थांबले.

बंदराला लागूनच पोर्तारा हा संगमरवरी दरवाजा उभा आहे. इसवी सनापूर्वी 530 च्या सुमारास लिग्दामिस नावाच्या सत्ताधीशाने ग्रीक देव अपोलोचे म्हणून ओळखले जाणारे मंदिर बांधायला घेतले, ते अपुरेच राहिले आणि त्यातला हा सुमारे 6 मीटर उंचीचा दरवाजा तेवढा टिकला. दंतकथेनुसार ग्रीक वीर थेसिअसने त्याच्याबरोबर आलेल्या राजकन्या आरिआद्नीला याच किनाऱ्यावर झोपलेल्या अवस्थेत सोडून दिले आणि पुढे वाइनचा देव दिओनिसोस याने तिच्याशी लग्न केले. मधुचंद्राला निवडलेल्या बेटाची पहिली गोष्ट बायकोला टाकून जाण्याची असावी, यावरून मी नवऱ्याला अजूनही चिडवते. दरवाजाकडे नेणारी दगडी वाट समुद्रातून जाते, आणि उत्तरेचा वारा असला की लाटा तिच्यावरून फुटतात, त्यामुळे चांगले बूट आणि साडी असा बेत असेल तर तो आधीच रद्द करावा. जवळ गेल्यावर दगडांच्या कडेला बाहेर आलेले चौकोनी खुंट दिसतात. दगड उचलताना दोर अडकवण्यासाठी ते ठेवलेले असतात आणि काम संपल्यावर तासून टाकतात. इथे तासायची वेळच आली नाही.

असाच अर्धवट राहिलेला एक पुतळा बेटाच्या उत्तर टोकाला, अपोलोनास गावाजवळच्या खाणीत, पाठीवर पडून आहे. त्याची लांबी दहा मीटरांहून अधिक आहे, त्याला दाढी आहे, म्हणून तो दिओनिसोसचा असावा असे मानतात. तिकीट नाही, कुंपण नाही. तेथे जाण्यासाठी आम्ही गाडी भाड्याने घेतली. त्यासाठी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्यापूर्वीच काढून ठेवावा. रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, गाडी उजव्या बाजूने चालवायची असते, आणि शेळ्या वाहतुकीचे नियम पाळत नाहीत.

जेवणाबद्दल विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण मी शाकाहारी आहे आणि नवरा मूळचा वेंगुर्ल्याचा. माझी उपासमार झाली नाही. टोमॅटोच्या रश्शात भाजलेले मोठे पांढरे वाल, भोपळ्याच्या जातीच्या झुकिनीचे वडे, रानभाज्यांची उकड आणि आपल्या घट्ट वरणाच्या जवळ जाणारी फावा हे पदार्थ जवळजवळ सगळीकडे मिळतात. भात भरलेल्या टोमॅटोमध्ये काही ठिकाणी खिमा असतो, म्हणून विचारून घ्यावे. जे काटेकोर शाकाहार पाळतात त्यांनी हेही लक्षात ठेवावे की पारंपरिक चीज दुधात ते गोठवणारे, प्राण्यांपासून मिळणारे रेनेट घालून करतात. मासे किलोच्या भावाने विकले जातात आणि आत नेऊन, दाखवून, वजन करून देतात, त्यामुळे किंमत भाजण्यापूर्वीच विचारावी. मेनूत नावापुढे छोटी चांदणी असेल तर तो पदार्थ गोठवलेला असतो. ही खूण कळल्यापासून नवऱ्याने मेनू तळटिपांपासूनच वाचायला सुरुवात केली. तिखटाची मात्र आशा ठेवू नये. बरोबर नेलेली शेंगदाण्याची चटणी चौथ्या जेवणाला संपली.

आता तक्रारी. समुद्र दिसणारी म्हणून आरक्षित केलेल्या खोलीतून समुद्र दिसत होता, पण गॅलरीच्या कोपऱ्यात उभे राहून मान वळवल्यावर. फोटो गच्चीवरून काढलेला होता. मधुचंद्राचे विशेष पॅकेज म्हणून जास्तीचे पैसे घेतले होते, त्यात टॉवेलचे दोन हंस आणि एक वाइनची बाटली एवढेच निघाले. आरक्षणाच्या रकमेत सरकारी कर धरलेला नसतो हे तेथे पोहोचल्यावर कळले. 2025 पासून एप्रिल ते ऑक्टोबर या काळात तीन तारांकित हॉटेलात दर खोलीमागे दर रात्री 5 युरो, चार तारांकितला 10 आणि पाच तारांकितला 15 युरो हॉटेलातच भरावे लागतात. स्वच्छतागृहात पाण्याचा फवारा नसतो आणि सांडपाण्याच्या नळ्या अरुंद असल्याने कागद कमोडमध्ये टाकायची मनाई असते, तो शेजारच्या डब्यात टाकायचा. याची सवय होत नाही, नाइलाज होतो. एटीएम किंवा कार्डयंत्र रुपयांत रक्कम दाखवू लागले तर नकार देऊन युरोच निवडावा, कारण रुपयांचा दर बहुतेक वेळा महाग पडतो. आमच्या कार्डाच्या बिलात हा फरक स्पष्ट दिसला.

इतक्या महिन्यांनंतर दोघांच्या बोलण्यात वारंवार येते ते नाक्सोसच, आणि त्यातही विशेष काही न केलेले दिवस : प्लाका किनाऱ्यावर दुपारभर पडून राहणे, फिलोती गावात चिनाराखाली कॉफी पुरवून पिणे, आणि रस्ता चुकल्यावर कोणाची चूक यावर झालेले पहिले खरे भांडण. लग्नाच्या गडबडीनंतर एकमेकांची ओळख करून घ्यायला असा रिकामा वेळ लागतो, आणि पाहण्याच्या ठिकाणांची यादी अंगावर न येणारे बेट तो देते. ज्यांना रात्री उशिरापर्यंत नाचगाणे हवे आहे त्यांनी शेजारच्या मिकोनोसला जावे. ज्यांना प्रत्येक जेवणाला भारतीय पदार्थ लागतात त्यांनी अथेन्समधून फार दूर जाऊ नये.

जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा जोरात असतो, वाळू अंगाला टोचते, आणि भाडीही चढलेली असतात. सप्टेंबरमध्ये पाणी उबदार आणि गर्दी कमी असते, तरी वारा पूर्ण थांबत नाही, आणि तो फार वाढला तर बंदर खाते बोटी सोडत नाही. अथेन्सचे बंदर असलेल्या पिरेउसला जायला मोठ्या बोटीला पाच-साडेपाच तास लागतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री अथेन्समध्येच असावे, आणि त्या रात्रीची खोली रद्द करता येणारी घ्यावी.